पार्क चौपाटीवरची एक संध्याकाळ सोलापूरकर कुटुंबाला नेमकी कितीला पडते?

संध्याकाळी सहा-साडेसहाची वेळ. सोलापूरचं ऊन एकदाचं उतरलेलं असतं. पार्क चौकात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांच्या आसपास गर्दी वाढायला लागते, चौपाटीवरच्या गाड्यांचे दिवे लागतात आणि तव्यावर पावभाजी घोटल्याचा खणखणाट सुरू होतो. तेवढ्यात एक दुचाकी येऊन थांबते. पुढे टाकीवर धाकटा, बाबांच्या मागे मोठी मुलगी, तिच्या मागे आई. (एका गाडीवर चौघं नियमात बसत नाहीत, पण सोलापुरात हे दृश्य बघून कुणी मान वळवत नाही.) दोन प्लेट पावभाजी चौघांत, वर जास्तीचे पाव, मुलांसाठी आईस्क्रीम. तास-दीड तासात सगळे परत घरी.

याला कुणी पर्यटन म्हणत नाही. हॉटेलची खोली नाही, ट्रॅव्हल एजंट नाही, सेल्फी पॉइंटसुद्धा असेलच असं नाही. त्यामुळे शहराच्या विकासाची चर्चा निघाली की ही संध्याकाळ कुणाच्या डोळ्यासमोर येत नाही.

चर्चा होते ती लांबच्या प्रवासाची. गेल्या तीन वर्षांत सोलापूरला खरंच बरंच काही मिळालं. १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. विमानतळाची वर्षानुवर्षांची रखडपट्टी संपून ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान उडालं आणि १५ ऑक्टोबर २०२५ पासून मुंबईचं. १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेची निवडणूक झाली आणि मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या हाती असलेल्या शहराला पुन्हा नगरसेवक मिळाले. आता लवकरच बजेटवर भांडणं होतील, रस्त्यांच्या याद्या निघतील.

या सगळ्यात एक साधा प्रश्न मागे राहतो. ज्या कुटुंबाला गोवा परवडत नाही आणि वंदे भारतचं तिकीट वर्षातून एकदाही काढायचं नसतं, त्यांना घराजवळ दोन तास आनंदात घालवायला किती खर्च येतो? आणि तो खर्च फक्त पैशाचा असतो का?

भोंगा बंद झाला, काम सुटायचं थांबलं

सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आठवते. ती ओळख गिरण्यांनी दिली. जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या. शहराचं घड्याळ भोंग्यावर चालायचं. भोंगा वाजला की पाळी सुटली आणि पाळी सुटली की माणूस मोकळा. त्या कामात हाल होतेच, पण काम कुठे संपतं आणि घर कुठे सुरू होतं याची रेषा तरी स्पष्ट होती.

गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. राहिले यंत्रमाग आणि विडी. यंत्रमागाचे अनेक कारखाने वस्तीला लागूनच आहेत. काही ठिकाणी खाली माग आणि वर बिऱ्हाड. आणि विडी तर घरातच वळली जाते. शहरात हे काम करणाऱ्या महिला हजारोंच्या संख्येने आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींच्या घरात आईनंतर सून, सुनेनंतर मुलगी अशी ती साखळी चालत आली आहे.

या कामाचा दिवस कसा असतो? सकाळी आदल्या दिवशीच्या विड्या घेऊन कारखान्याच्या शाखेत जायचं. तिथे विड्या मोजून द्यायच्या, खराब निघालेल्या बाद व्हायच्या. मग तेंदूपत्ता आणि तंबाखू घेऊन घरी. पानं भिजवायची, कात्रीने मापात कापायची आणि सूप मांडीवर घेऊन वळत बसायचं. गणती हजारात आणि मजुरीही हजारावर. मध्ये स्वयंपाक, धुणं, मुलांची शाळा, पाणी आलं तर पाणी भरणं. हे सगळं उरकून उरलेल्या विड्या रात्री टीव्हीसमोर. मुलं त्याच खोलीत अभ्यास करतात, त्याच खोलीत झोपतात आणि तंबाखूचा वासही त्याच खोलीत असतो.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. विडी आणि सिगार कामगारांचा १९६६ चा स्वतंत्र कायदा त्यांत विलीन झाला. त्या वेळी केंद्र सरकारने विडी कामगारांसाठी जे फायदे सांगितले त्यात किमान वेतनाची हमी, आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट दर हे मुद्दे होते. कागदावर उत्तम. पण घरात सूप घेऊन बसलेल्या बाईचे तास मोजणार कोण? तिला ना हजेरीपत्रक, ना भोंगा. काम नगावर असल्यामुळे वेळेचा हिशोब तिच्या अंगावरच पडतो.

म्हणूनच पार्क चौपाटीवरच्या त्या तासाला सोलापुरात वेगळा अर्थ आहे. पुण्या-मुंबईत ऑफिसातून घरी आलेला माणूस 'आता घरीच बसू, दमलोय' म्हणू शकतो, कारण त्याचं घर म्हणजे सुटका. इथल्या अनेक घरांत उलटं आहे. घर हीच कामाची जागा असल्यामुळे तिथे बसून सुट्टी होत नाही. समोर पानं भिजलेली दिसत असताना कुणी हात जोडून बसत नाही. काम सुटायचं असेल तर उंबरा ओलांडावाच लागतो.

त्यात बायकांचा हिशोब आणखी वेगळा. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या महिला त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे पावणेपाच तास विरुद्ध दीड तास. हा देशाचा आकडा आहे आणि यात विडी वळण्याचे तास धरलेले नाहीत, कारण ते मजुरीचं काम. तेव्हा चौपाटीवर दोन प्लेट पावभाजी घेतली जाते तेव्हा त्या पैशात भाजी-पावाबरोबर आणखी एक गोष्ट विकत घेतलेली असते: त्या रात्री चूल पेटवावी लागत नाही आणि भांड्यांचा ढीग पडत नाही.

तुम्ही म्हणाल, हल्ली प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, करमणूक तर घरात आली. खरं आहे. त्याच पाहणीत असं दिसतं की संस्कृती, फावला वेळ, माध्यमं आणि खेळ या सगळ्यांवर माणसं २०१९ मध्ये दिवसाचा ९.९ टक्के वेळ घालवत होती, तो २०२४ मध्ये ११ टक्के झाला. पण या गटात टीव्ही आणि मोबाईलही येतात. रील बघता बघता विडी वळता येते. तळ्याच्या काठावर बसून मात्र ती वळता येत नाही, आणि फरक नेमका तिथेच आहे.

जीएसटी कमी झाला, मग संध्याकाळ स्वस्त झाली का?

थोडीशी. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले, त्याच दिवशी घटस्थापना होती. आईस्क्रीमवरचा कर १८ वरून ५ टक्के झाला. लोणी, चीज आणि फरसाण-नमकीन १२ वरून ५ टक्क्यांवर आले. सिनेमाचं १०० रुपयांपर्यंतचं तिकीट १२ वरून ५ टक्क्यांवर आलं, पण १०० च्या वरच्या तिकिटावर १८ टक्के कायम राहिले.

याचा खिशावर परिणाम काय? मूळ किंमत १०० रुपये असलेलं आईस्क्रीम आधी ११८ ला पडत होतं, ते कर पूर्ण उतरवला तर १०५ ला पडायला हवं. म्हणजे १३ रुपये वाचले. सिनेमाचं मूळ १०० रुपयांचं तिकीट ११२ वरून १०५ वर. चौघांचे २८ रुपये वाचले. पण मल्टिप्लेक्समध्ये १५० चं तिकीट काढलं तर जिथे होतं तिथेच. एक पडद्याची जुनी थिएटरं जिथे अजून तग धरून आहेत तिथे या सवलतीला अर्थ आहे, बाकी ठिकाणी तो शून्य.

आणि गाडीवरची पावभाजी? तिच्यावर मुळात जीएसटी लावलाच जात नाही. वर्षाला २० लाखांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या छोट्या खाद्यविक्रेत्याला नोंदणी करावी लागत नाही. पाव आधीपासूनच करमुक्त. गाडीवाल्याचा फायदा झाला तो लोण्यात आणि चीजमध्ये, आणि तो तव्यावर पडणाऱ्या लोण्याच्या तुकड्याएवढाच. त्यामुळे 'कर कमी झाला, प्लेट का कमी झाली नाही' म्हणून गाडीवाल्याशी हुज्जत घालण्यात फार हशील नाही.

खाण्यापिण्यावरच्या अशा खर्चाला उधळपट्टी समजणारे खूप आहेत. आकडे वेगळं सांगतात. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत शहरी भारतात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये निघाला. त्यातला सुमारे ११ टक्के वाटा पेयं, अल्पोपाहार आणि तयार खाद्यपदार्थांचा. म्हणजे माणशी पावणेआठशे रुपयांच्या आसपास. यात घरी आणलेला बिस्किटाचा पुडाही आला, टपरीवरचा चहाही आणि बाहेरचं जेवणही. खाण्याच्या खर्चातला सर्वांत मोठा गट आता हाच आहे, ग्रामीण भागातसुद्धा. ही देशाची सरासरी, त्यामुळे नगावर मजुरी घेणाऱ्या कुटुंबाचा आकडा यापेक्षा बराच खाली असणार. पण दिशा तीच. बाहेरचा घास हा श्रीमंतांचा शौक राहिलेला नाही. जिथे घरातल्या सगळ्यांचे हात कामात असतात, तिथे तो गरजेच्या जवळ सरकलेला आहे.

खरा खर्च येतो तो अंतराचा

सोलापूरच्या नकाशावर अक्कलकोट रोडने दहा-बारा किलोमीटर बाहेर गेलं की कुंभारी लागतं. इथे विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १० हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं दिली गेली. त्याच भागात नंतर रे नगरचा ३० हजार घरांचा प्रकल्प आला. त्यातल्या १५ हजार घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिला गेला. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, चालक अशा असंघटित कामगारांची ही स्वतःची घरं. झोपडपट्टीतल्या भाड्याच्या खोलीतून मालकीच्या पक्क्या घरात जाणं ही लहान गोष्ट नाही. देशात इतर शहरांनी बघावं असं हे काम आहे.

पण संध्याकाळच्या हिशोबात एक बदल झाला. साखर पेठेत किंवा अशोक चौकाच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला तळं, किल्ला आणि पार्क चौक तसा आवाक्यात होता. चालत नाही तर शेअर रिक्षाने दहा मिनिटांत. कुंभारीतून तेच ठिकाण दहा-बारा किलोमीटर. समजा, रिक्षाला माणशी २५ रुपये पडले, तर चौघांचे जाऊन-येऊन २०० रुपये झाले. पावभाजीच्या दोन प्लेट जितक्याला येतात तेवढे पैसे पावभाजीपर्यंत पोहोचण्यातच गेले. आणि रात्री साडेआठनंतर परतीची रिक्षा मिळेल का, हा प्रश्न वेगळाच. जीएसटीने वाचवलेले १३ रुपये इथे कुठे हरवले ते शोधायलाही नको.

हे अंतर कमी करण्याचं साधन म्हणजे शहर बस. सोलापुरात नेमकी तीच बाजू लंगडी आहे. जेएनएनयूआरएम योजनेतून मोठ्या थाटात बस आल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच बसच्या चेसिसला तडे गेले, वाद कोर्टात गेला आणि बस वर्षानुवर्षं डेपोत उभ्या राहिल्या. परिवहन उपक्रम त्यातून सावरलाच नाही. आता केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेतल्या शहरांमध्ये सोलापूरचं नाव आहे. या बस आल्या की मार्ग कसे आखले जातात यावर बरंच अवलंबून असेल. शाळा-ऑफिसच्या वेळा सांभाळणारी बस आणि रात्री नऊला चौकातून परत नेणारी बस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीशिवाय रोजगार चालत नाही म्हणून तिच्यासाठी मोर्चे निघतात. दुसरीसाठी कोण मोर्चा काढणार?

गंमत म्हणजे गावाबाहेर जाणं काही बाबतीत सोपं झालंय. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. २५ जानेवारी २०२५ ला भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं तरी ही सवलत राहिली. अक्कलकोट साधारण ४० किलोमीटर. साध्या बसचं तिकीट सत्तर रुपयांच्या आसपास धरलं तर बाईला पस्तीस, ५ ते १२ वयाच्या मुलालाही अर्धं, आणि ७५ च्या पुढच्या आजी-आजोबांना फुकट. म्हणजे आजी, आई आणि दोन मुलं असे चौघं मिळून शंभर-सव्वाशेत अक्कलकोटला पोहोचतात. तुळजापूरचंही जवळपास तसंच. सोलापूरकरांच्या घरगुती सहली देवस्थानांकडेच का वळतात याचं एक उत्तर श्रद्धा हे आहेच, पण दुसरं उत्तर एसटीच्या तिकिटात आहे. शिवाय देवाला जायचं म्हटलं की घरातल्या सुनेला परवानगी मागावी लागत नाही. 'जरा फिरून येते' म्हटलं तर अजूनही अनेक घरांत भुवया वर जातात.

फुकटात काय आहे?

बरंच काही, आणि इथे सोलापूर अनेक शहरांपेक्षा नशीबवान आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांशी जोडलेलं तळं, तळ्यात मंदिर, काठाला बहमनी काळातला भुईकोट किल्ला, आणि हे सगळं शहराच्या ऐन मध्यभागी, पार्क चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर. बाराव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंतचा इतिहास एवढ्याशा फेरीत बसवणारी शहरं महाराष्ट्रात फार नाहीत. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे आणि खात्याच्या तिकीट असलेल्या वास्तूंमध्ये १५ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत असतो, हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं. मात्र पुरातत्त्वाच्या वास्तू सूर्यास्ताच्या सुमाराला बंद होतात. दिवसभर काम करून सहाला मोकळ्या होणाऱ्या कुटुंबाला किल्ला रविवारीच दिसतो.

विजापूर रोडला धर्मवीर संभाजी तलाव आहे. जुने लोक अजून कंबर तलावच म्हणतात. तुळजापूर रोडला हिप्परग्याचा ब्रिटिशकालीन तलाव आहे, तिथे हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. वीसेक किलोमीटरवर नान्नजचं माळढोक अभयारण्य, १९७९ सालचं. माळढोक दिसण्याची आशा आता फार धरू नये, पण काळवीट दिसतात आणि गवताळ माळ म्हणजे काय हे मुलांना कळतं. या जागांसाठी मात्र स्वतःची गाडी हवी.

आणि मग जानेवारी येतो. सिद्धेश्वर यात्रा, म्हणजे सोलापूरकरांचा गड्डा. संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, सात नंदीध्वज निघतात, दुसऱ्या दिवशी होम, मग शोभेचं दारूकाम. धार्मिक विधी काही दिवसांत उरकतात, पण होम मैदानावरची जत्रा पुढे बरेच दिवस चालते. पाळणे, मौत का कुआँ, बांगड्यांचे आणि भांड्यांचे स्टॉल, भजी आणि जिलेबीचा वास. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी अशा चार भाषांत घासाघीस चालते. यंदा तर यात्रेचे मुख्य दिवस आणि मतदानाचा दिवस एकमेकांना येऊन भिडले होते, त्यामुळे पोलिसांची तारांबळ उडणं साहजिक होतं.

गड्ड्याचं महत्त्व ज्या वर्षी तो भरला नाही तेव्हा कळलं. २०२१ मध्ये कोरोनामुळे यात्रा मोजक्या मानकऱ्यांच्या उपस्थितीत विधींपुरती झाली. देवाचं काम अडलं नाही, अडलं ते पाळणेवाल्यांचं आणि खेळणी विकणाऱ्यांचं. आणि वर्षभर 'गड्ड्यात घेऊ' असं सांगून थोपवून ठेवलेल्या मुलांचं. 'गड्ड्यात घेऊ' हे सोलापुरातल्या कितीतरी आयांचं बचत खातं आहे. ऑगस्टमध्ये मागितलेली गोष्ट जानेवारीपर्यंत ढकलता येते आणि मूल पण मान्य करतं, कारण गड्डा येणार हे त्याला नक्की माहीत असतं.

त्याच हंगामात हुरडा असतो. सोलापूर हा ज्वारीचा जिल्हा, मालदांडी वाणाची निवड झाली ती इथल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रात. शेतात आगटी पेटवायची, कोवळी कणसं भाजायची, हातावर चोळून गरम दाणे थेट पानावर, सोबत शेंगांची चटणी, गूळ, दही. पूर्वी हे पाहुण्याच्या शेतावर व्हायचं आणि त्याचे पैसे देणं हा पाहुण्याचा अपमान ठरायचा. आता हायवेच्या कडेला हुरडा पार्टीची केंद्रं झाली आहेत, माणशी दर लावून, झोके आणि बैलगाडीसकट. शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळत असतील तर वाईट काहीच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने जिल्ह्यात जी वाताहत केली त्यानंतर तर असा प्रत्येक रुपया शेतकऱ्याच्या कामाचा आहे. पण ज्या कामगाराच्या पाहुण्याकडे शेत उरलेलं नाही, त्याच्यासाठी जो हुरडा फुकट होता तो आता तिकिटाचा झाला. चौघांसाठी ते तिकीट काढण्यापेक्षा तो बाजारातून पावशेर हुरडा घरी आणतो. आणि घर म्हटलं की पुन्हा तेच सूप.

गाडीवाला उठवला तर चौपाटी उरते का?

या स्वस्त संध्याकाळीचा दुसरा खांब म्हणजे हातगाडीवाला. तो स्वतःही याच शहरातला, बहुतेकदा त्याच आर्थिक स्तरातला. त्याचा धंदा संध्याकाळच्या चार तासांचा. गाडी हलवावी लागली तर ग्राहक त्याला शोधत फिरत नाहीत.

त्याच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायचं, नगर पथविक्रेता समिती नेमायची, सर्वेक्षणात आलेल्या सगळ्यांना विक्री क्षेत्रात जागा द्यायची आणि ते झाल्याशिवाय कुणाला उठवायचं नाही, असं तो सांगतो. मर्यादा लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांची. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सोलापूरची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार, म्हणजे सुमारे २३-२४ हजार विक्रेत्यांना जागा देण्याची सोय कायद्यात आहे. कोरोनात सुरू झालेली पीएम स्वनिधी योजना आता मार्च २०३० पर्यंत वाढवली आहे आणि पहिल्या कर्जाची रक्कम १० वरून १५ हजार केली आहे. कर्ज मिळतं, पण गाडी उभी करायला कायमची जागा नसेल तर कर्जाची गाडी अतिक्रमणाच्या ट्रकमध्ये चढते.

दुसरी बाजूही आहे. रस्त्यावर गाड्या, त्यापुढे ग्राहकांच्या दुचाकी, मग वाहतूक कोंडी आणि सांडपाणी. चौकात राहणाऱ्या माणसाचा वैताग खोटा नाही. पण त्यावरचा उपाय पाणी, कचराकुंडी, दिवे आणि पार्किंग यांची सोय असलेली ठरावीक जागा हा आहे. आणि स्वच्छतागृह. सोलापुरात किंवा कुठेही, बाईला आणि तिच्या लहान मुलीला बाहेर किती वेळ थांबता येतं हे शेवटी त्यावर ठरतं. पुरुषांच्या लक्षातही येत नाही अशी ही गोष्ट आहे.

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत सोलापूर नवव्या क्रमांकावर होतं. त्यातून पार्क स्टेडियम, होम मैदान अशी कामं झाली. ही योजना ३१ मार्च २०२५ ला संपली. बांधकामाला केंद्राचा पैसा होता, देखभालीला महापालिकेचाच लागतो. बागा, क्रीडांगणं, उद्यानं ही राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीप्रमाणे शहराच्या स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. केंद्राच्या नगररचना मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलंय. मात्र जागा असणं आणि संध्याकाळी सात वाजता तिथे दिवा लागलेला असणं यांत बराच फरक आहे. आणि कुंभारी तर महापालिकेच्या हद्दीबाहेर. तिथल्या हजारो कुटुंबांच्या मुलांनी खेळायचं कुठे हा प्रश्न सोलापूरच्या नव्या सभागृहापुढे येणारही नाही. तो ग्रामपंचायतीपुढे येईल, जिच्या तिजोरीने शहराएवढी वसाहत कधी सांभाळलेली नाही.

येत्या बजेटमध्ये सोलापूरकरांना या बाबतीत काय बघता येईल? उद्यान विभागाला नव्या कामांसाठी किती आणि देखभालीसाठी किती, हे दोन आकडे वेगळे काढून बघायचे. नगर पथविक्रेता समितीच्या बैठका होतात का ते विचारायचं. ई-बस आल्या की वेळापत्रकात पार्क चौकातून अक्कलकोट रोडने जाणारी शेवटची बस किती वाजता आहे ते बघायचं. ती साडेसातला असेल तर चौपाटीवरच्या तव्यावर तोवर जेमतेम पहिली भाजी पडलेली असते.